शिवराक जेवणासाठी पुस्तक, व्हिडिओ की वही: कशावर किती विसंबायचं

स्वयंपाकाचं नवं पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिका नंतर बघायची, आधी नारळ शोधायचा. पाककृतीत नुसतं 'एक नारळ' लिहिलं असेल तर समजायचं की करणारीला तो पदार्थ येतो, पण तिने तो आपल्यासाठी मोजलेला नाही. 'ओलं खोबरं दीड वाटी' असेल तर बरं. आणि पहिल्या चार-सहा पानांत 'आमची वाटी इतक्या मिलिलिटरची' हेही सापडलं, तर पुस्तक पिशवीत टाकायला हरकत नाही. गोव्याच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणात नारळ आणि आंबटाण या दोन गोष्टी चुकल्या की बाकी सगळं बरोबर असूनही ताट बिघडतं. बहुतेक पाककृती नेमक्या याच दोन जागी गप्प बसतात.

सोमवार, श्रावण, चवथीचे दिवस, देवळातला उत्सव. शिवराक पाककृती इथे वर्षभर लागतातच. आता त्यात दूध-तूपही सोडलेली माणसं घरोघरी दिसू लागली आहेत. त्यामुळे कुठल्या साधनावर पैसे आणि वेळ घालावा हा प्रश्न खरा आहे. मराठी छापील पुस्तकं, परदेशी व्हीगन पुस्तकं, व्हिडिओ आणि घरची हाताने लिहिलेली वही अशी चार साधनं इथे चार पदार्थांवर घासून पाहिली आहेत: खतखतं (भाज्या आणि तूरडाळीचं कालवण), आळसांद्यांचं, म्हणजे इथल्या चवळीचं, तोणक (भाजलेल्या वाटणातलं कालवण), मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची नारळाच्या रसातली खीर) आणि तवसळी (तवशाचा, म्हणजे काकडीचा, वाफवलेला गोड पदार्थ). हे चारही पदार्थ मुळातच दूध, तूप, दही, मध यांच्याशिवाय होतात. 'व्हीगन' हा शब्द कव्हरवर शोधत बसणाऱ्याला इथलं सगळ्यात चांगलं व्हीगन जेवण सापडत नाही. ते जुन्या पुस्तकांच्या सणावारांच्या भागात, कांदा-लसणाशिवायच्या पदार्थांत, कुठलंही लेबल न लावता पडून असतं.

मराठी पुस्तकांपासून सुरुवात करू. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि आजही पहिलं पुस्तक म्हणून तेच सुचवावं लागतं. घरातल्या वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं, पायऱ्या सरळ, फापटपसारा नाही. पोळी, भात, आमटी, उसळ, लोणची हा पाया पक्का करायला ते उत्तम आहे. मात्र घाटावरचं कुठलंही पुस्तक गोव्यात वापरताना एक शब्द जपून वाचायचा: खोबरं. तिकडे खोबरं म्हणजे पुष्कळदा सुकं खोबरं, आणि ओल्याला खवलेला नारळ किंवा चव म्हणतात. इथे खवलेल्या नारळाला सोय म्हणतात, आणि चून म्हटलं की डोळ्यांपुढे गूळ घातलेलं गोड सारण येतं. सुक्या खोबऱ्याचं प्रमाण ओल्या नारळाला जसंच्या तसं लावलं तर कालवण पातळ आणि गोडसर होतं. उलट केलं तर वाटणाला तेल सुटून वर तवंग धरतो. भाजायच्या वेळाही वेगळ्या: सुकं खोबरं मंद आचेवर चार-पाच मिनिटांत रंग धरतं, ओल्या सोयीचं पाणी उडायलाच सात-आठ मिनिटं जातात.

गोव्याच्या चवीला जास्त जवळचं पुस्तक म्हणजे सारस्वत महिला समाजाचं 'रसचंद्रिका'. ते मूळ मराठीत १९४३ साली निघालं, पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. सणवार आणि घरगुती औषधं यांचेही भाग त्यात आहेत. नारळाच्या वाटणाची कालवणं, कडधान्यं, तांदळाचे पदार्थ या बाबतीत शिवराक घराला इतकं उपयोगी पुस्तक मराठीत दुसरं चटकन आठवत नाही. फक्त नावं चित्रापूर सारस्वतांची, म्हणजे कारवारपलीकडची आहेत. उपकरी म्हणजे फोडणी घालून परतलेली सुकी भाजी, घशी म्हणजे कडधान्याचं दाट वाटणातलं कालवण. तोणक किंवा खतखतं या नावाखाली शोधून मनासारखं मिळालं नाही तर घशी उघडून बघावी, वाटणाची जात कळते. अनुभवी हाताला हे पुस्तक सोनं आहे. पहिल्यांदाच गॅसपाशी उभं राहणाऱ्याने मात्र सोबत 'रुचिरा' ठेवावं.

जुन्या आवृत्त्या किंवा आजीच्या काळची पुस्तकं वापरताना शेर आणि तोळा समोर येतात. तोळा म्हणजे सुमारे ११.६ ग्रॅम, आणि वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३० ग्रॅम. पण धान्य मापायचा शेर वेगळा असे, त्यामुळे 'शेरभर तांदूळ' वजनाचे की मापाचे हे पाककृतीतल्या पाण्यावरून ओळखावं लागतं. 'सुपारीएवढी चिंच' साधारण ८ ते १० ग्रॅम भरते आणि 'लिंबाएवढी' २५ ते ३० ग्रॅम. हे दोन आकडे स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवून ठेवण्यासारखे आहेत.

वाटीबद्दल आणखी एक. घरातली वाटी पाण्याने भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. कुणाची १२० मिलीची निघते, कुणाची २०० ची. सगळं साहित्य त्याच वाटीने घेतलं तर प्रमाण टिकतं, काही बिघडत नाही. बिघडतं ते पाककृतीत अर्धं साहित्य वाटीने आणि अर्धं नगाने दिलेलं असलं की. 'दोन वाट्या रवा, एक तवसं, एक नारळ' असं लिहिलं की वाटी कुठली, तवसं केवढं आणि नारळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या कुठल्या ढिगातला, या तिन्ही गोष्टी आपल्याच अंगावर येतात. मध्यम नारळाची २०० ते २५० ग्रॅम सोय निघते, लहानाची दीडशेच्या आसपास. एका पदार्थात इतका फरक म्हणजे वेगळाच पदार्थ.

आता खतखतं. छापील पाककृतींत याचा मजकूर सहसा तीन वाक्यांत संपतो: भाज्या शिजवाव्या, वाटण घालावं, कढ आणावा. भाज्यांचा क्रम, म्हणजे या पदार्थाचं निम्मं कसब, गाळलेलं असतं. पाच-सहा माणसांसाठी तूरडाळ ७५ ग्रॅम, सगळ्या भाज्या मिळून पाऊण किलो, सोय १५० ग्रॅम, सुक्या मिरच्या सहा-सात, हळद अर्धा चमचा, तिरफळं आठ-दहा, सोलं (आमसुलं) चार-पाच आणि गूळ २५ ते ३० ग्रॅम घ्यावा. भाज्या किमान पाच असाव्यात. डाळ वेगळी, अगदी मऊ शिजवायची. सुरण वेगळं, पाण्यात दोन सोलं टाकून, म्हणजे खाज मारली जाते. मोठ्या भांड्यात आधी मुळा, शेवग्याच्या शेंगा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे. सात-आठ मिनिटांनी रताळं, कच्ची पपई, कच्चं केळं. लाल भोपळा शेवटी, कारण तो पाच मिनिटांत विरघळायला लागतो. मग डाळ, सुरण, बारीक वाटण, गूळ आणि उरलेली सोलं. आंबट आधी घातलं तर भाजी आणि डाळ दोन्ही दडदडीत राहतात. आंबटामुळे त्यांच्या पेशींच्या भिंती घट्ट राहतात आणि मग कितीही शिजवलं तरी मऊपणा येत नाही. सगळं एकत्र कुकरमध्ये घालून चार शिट्या करा असं सांगणारी पाककृती मिळाली, तर ती सोडून द्यावी. तिथे भोपळ्याची पेज होते आणि मुळा कच्चाच राहतो.

तिरफळाचा प्रश्न वेगळा. आतलं काळं बी काढून टाकायचं, फक्त साल घ्यायची, किंचित ठेचायची आणि शेवटच्या कढाला घालून झाकण ठेवायचं. वाटणात घालून बारीक वाटलं तर कडवटपणा उतरतो आणि तो नंतर गुळानेही जात नाही. 'तिरफळ नसल्यास सिचुआन मिरी चालेल' असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. दोन्ही एकाच कुळातली, हे खरं. पण सिचुआनने जीभ जास्त बधिरते आणि तिरफळाचा तो हिरवा, लिंबाच्या सालीसारखा वास येत नाही. नसेल तर वगळावं, बदली घालू नये. फोडणीही नको. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी पडली की खतखत्याचं सांबार होतं.

तोणकाच्या बाबतीत मात्र पुस्तक मागे पडतं आणि व्हिडिओ पुढे जातो. कारण एकच, रंग. 'खोबरं बदामी होईपर्यंत भाजावं' हे वाक्य दहा जण दहा तऱ्हेने वाचतात. व्हिडिओत तो रंग दिसतो, भाजताना सोय कढईला चिकटते की सुटी होते ते दिसतं, वाटण बोटांवर कसं बसतं ते दिसतं. कोकणी नावाने शोधलं तर आणखी बरं. 'आळसांद्यांचें तोणाक' असं टाकलं की इथल्याच स्वयंपाकघरांतले व्हिडिओ वर येतात. 'चवळीची ग्रेव्ही' टाकलं की टोमॅटो आणि गरम मसाला समोर येतो.

पण व्हिडिओत वेळ कापलेला असतो. सोय पांढरी असते, पडद्यावर एकदा उडी बसते आणि ती तांबूस होते. मधली बारा-पंधरा मिनिटं कुठे गेली, आच कुठली होती, हे कळत नाही. बघणारा ती बारा मिनिटं चार मिनिटांत उरकायला जातो, आच वाढवतो, आणि बाहेरून करपलेली, आतून ओली सोय वाटणात जाते. तोणक कडू होतं ते इथेच. वरच्या दिव्यांचाही परिणाम असतो. पिवळ्या दिव्याखाली सगळंच एक छटा गडद दिसतं. म्हणून रंग पडद्यावरून घ्यावा, वेळ मात्र स्वतःच्या कढईवरून ठरवावी.

पाव किलोला थोडे कमी, म्हणजे २०० ग्रॅम आळसांदे रात्री भिजत घालायचे. सकाळी न फुगलेले, तळाशी कडक राहिलेले दाणे निवडून टाकायचे. थंडीत भातानंतर शेतात घेतलेले आळसांदे उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येतात. तेच पावसाळाभर दमट डब्यात राहिले की कडक पडतात आणि मग तीन शिट्यांचं काम सहा शिट्यांनीही होत नाही. कुठलंही पुस्तक किंवा व्हिडिओ धान्याचं वय सांगत नाही, आणि 'तुमची पाककृती फसली' ही तक्रार बरेचदा जुन्या धान्याची असते. वाटणाला सोय १५० ग्रॅम, एक मध्यम कांदा उभा चिरून, धने दीड चमचा, सुक्या मिरच्या पाच-सहा, मिरी चार-पाच, लवंगा दोन, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. कांदा आणि सोय एकत्र भाजू नयेत. कांद्याचं पाणी सुटलं की सोय भाजली जात नाही, वाफवली जाते, आणि तिला तो खमंगपणा येत नाही. आधी मसाला चमचाभर तेलात, मग कांदा कडेने तांबूस होईपर्यंत, शेवटी सोय मंद आचेवर सतत हलवत. हवा तो रंग यायच्या एक छटा आधी गॅस बंद करून सोय ताटात पसरायची. लोखंडी कढई तापलेली असते, तिच्यात ठेवली तर पुढची छटा आपोआप येते आणि त्यापुढची करपते. मिक्सरमध्ये वाटताना गार पाणी थोडं थोडं घालायचं, कारण भांडं तापलं की नारळाचं तेल सुटतं. चिंच सुपारीएवढी, आणि तीही आळसांदे पूर्ण मऊ झाल्यावरच.

परदेशी व्हीगन पुस्तकांबद्दल थोडं मनापासून सांगायचं आहे, कारण ती महाग असतात आणि नव्याने दूध-तूप सोडलेली माणसं आधी तीच मागवतात. त्यांतली चांगली पुस्तकं ग्रॅममध्ये माप देतात आणि पायऱ्या अत्यंत काटेकोर लिहितात. ही शिस्त आपल्या पुस्तकांनी उचलावी अशी आहे. भाजणीसाठी, म्हणजे केक, बिस्किटं, पाव यांसाठी, त्यांना तोड नाही. पण नारळाच्या दुधाबद्दल ती जे लिहितात ते इथे लागू होत नाही, आणि हे कुठेही सांगितलेलं नसतं.

त्यांचं नारळाचं दूध डब्यातलं असतं. डब्यातल्या दुधात बहुधा गवार डिंकासारखा पदार्थ घातलेला असतो, तो तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. म्हणून 'नारळाचं दूध घालून पंधरा मिनिटं उकळू द्या' असं बिनधास्त लिहिलेलं असतं. आपण खोवून, कोमट पाणी घालून, पिळून काढलेला रस असा उकळला तर फाटतो: वर तेल, खाली पाणी, मध्ये कणी. आंबट असलं तर आणखी लवकर. इथे मणगण्याची परीक्षा उपयोगी पडते. हरभऱ्याची डाळ एक वाटी तीन तास भिजवून अशी शिजवायची की दाणा अख्खा राहील पण बोटाने चेपला जाईल. भिजवलेले साबुदाणे पाव वाटी. एका मोठ्या नारळाचा रस, पातळ आणि दाट वेगळे काढलेले. पातळ रसात डाळ आणि साबुदाणा शिजवत आणायचा, मूठभर काजूच्या पाकळ्या टाकायच्या, मग दीड वाटी गूळ. गूळ डाळीच्या आधी कधीच नाही, त्याने डाळ तशीच टणक राहते. भांडं खाली उतरवल्यावर दाट रस, वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नये, गुळाची चव त्याने उठते. गायीचं दूध घालायला सांगणारे व्हिडिओ बरेच दिसतात. गरम गुळात दूध फाटलं की दोष गुळाला दिला जातो. मुळात इथे दुधाची गरजच नव्हती.

सोलकढीलाही हाच नियम. एका नारळाच्या रसाला दहा-बारा सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून तो अर्क घालायचा, मिरची-कोथिंबीर, हवा असल्यास दोन पाकळ्या लसूण. गॅसवर चढवायची नाही. मीठ शेवटी चाखून, कारण सोलांना मीठ आधीच लावलेलं असतं.

परदेशी पुस्तकांतली दुसरी फसवी जागा म्हणजे खोबरेल तेल. 'घट्ट खोबरेल तेल पिठात चोळा' असं लिहिलेलं असतं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर ते बाटलीत पातळच असतं, आणि पातळ तेलाने खुसखुशीत थर येत नाहीत, बिस्किटं पसरतात. तेल मोजून ताटलीत ओतायचं, फ्रीजमध्ये घट्ट करायचं, खवून पिठात घालायचं, आणि लाटण्याआधी पीठही अर्धा तास थंड करायचं. लोण्याच्या जागी तेल घेताना वजनाला वजन घेऊ नये. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल आणि सव्वा टेबलचमचा पाणी. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पारीला तुपाचं मोहन सांगितलेलं असतं, तिथे कडकडीत तेल त्याच मापाने चालतं, पारी थोडी कमी खुसखुशीत होते एवढंच. अमेरिकी कप २४० मिलीचा, तिथला टेबलचमचा १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा मात्र २० मिलीचा, हे पुस्तक कुठलं आहे ते बघून ठरवावं. ओव्हनची ३५० फॅरनहाइट म्हणजे आपली जवळजवळ १८० सेल्सियस, पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी.

अंड्याऐवजी एक टेबलचमचा जवसाची पूड आणि तीन टेबलचमचे पाणी, दहा मिनिटं ठेवून. ही युक्ती चांगली चालते. काजूची साय करायला सांगतात तीही इथे छान होते, आणि त्यासाठी अख्खे काजू लागत नाहीत, तुकडा पुरतो: एक वाटी काजू दोन-तीन तास भिजवून, अर्धी ते पाऊण वाटी पाण्यात.

पण व्हीगन केक शिकायला परदेशी पुस्तकच हवं असं नाही. तवसळी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या अंड्या-लोण्याशिवाय होते आहे. मोठं, पिवळं पडायला लागलेलं तवसं सोलून, बिया काढून किसायचं. कीस दोन वाट्या, रवा दीड वाटी, गूळ एक वाटी, सोय पाऊण वाटी, वेलची, मीठ. रवा तांदळाचाही चालतो, पण मग तो जाडसर हवा. अनेक पाककृती इथे 'लागेल तसं पाणी' म्हणतात आणि तिथेच तवसळीची खीर होते. गूळ किसात मिसळला की तो तवशातलं पाणी खेचून बाहेर काढतो. पहिल्या पाच मिनिटांत कोरडं वाटणारं मिश्रण वीस मिनिटांनी सैल झालेलं असतं. म्हणून एक थेंबही पाणी न घालता मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवायचं, रवा फुगू द्यायचा, मग बघायचं. चमच्यावरून घसरण्याऐवजी गोळ्याने पडलं तर बरोबर. हळदीचं किंवा केळीचं पान तळाला, तीस-पस्तीस मिनिटं वाफ, सुरी स्वच्छ बाहेर आली की उतरवून पूर्ण गार झाल्यावरच कापायची. गरम कापली तर ती चिकट लागते आणि कच्ची राहिली असं वाटतं.

गोव्यातल्या पाककृती शिवराक म्हणून वापरताना एक सावधगिरी हवीच. पदार्थाच्या नावात भाजीच असते, पण साहित्याच्या यादीत खाली कुठेतरी सुकी सुंगटं (कोळंबी) असतात. तांबडी भाजी, मुळा, दुधी, नीरफणस, यांच्यात ती घालायची अनेक घरांची रीत आहे. व्हिडिओत तर बोललं जात नाही, नुसती मूठ पडताना दिसते. यादी शेवटपर्यंत वाचावी. सुंगटं वगळली की पदार्थ सपक लागतो, हेही खरं. त्या जागी दोन सोलं जास्त आणि थोडी भाजलेली सोय घातली तर भाजीला अंग येतं. बेबिंकसारख्या गोडात अंडी आणि तूप दोन्ही असतात. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गूळ यांचा, तूप न लावलेल्या ताटात थापला की निर्धोक.

आपोआप भाषांतर झालेल्या पाककृती नेटवर आता पुष्कळ दिसतात. त्यांच्यापासून दूर राहावं. धने आणि कोथिंबीर, मिरी आणि मिरची, चिंच आणि चिंचेचा कोळ यांची तिथे अदलाबदल होते. चमचाभर धन्यांच्या जागी चमचाभर कोथिंबीर गेली की तोणक उभंच राहत नाही. गोव्यात तर भाषेचा आणखी एक चकवा: कोकणीत दुदी म्हणजे लाल भोपळा आणि आपला दुधी भोपळा म्हणजे कोंकण दुदी. कोकणी व्हिडिओ बघून मराठी यादी करताना हे लक्षात ठेवलं नाही तर खतखत्यात भलतीच भाजी जाते.

पूर्ण व्हीगन जेवणाऱ्यांसाठीच्या पुस्तकात बी-१२ जीवनसत्त्वाचा उल्लेख आहे का, ते जरूर बघावं. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. वरून घातलेलं अन्न किंवा गोळी लागते. या बाबतीत गप्प राहणारं पुस्तक इतर सल्ल्यांतही अपुरंच असणार.

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळावीत. १८३२ पासूनची ही संस्था आहे आणि निवांत बसून वाचायला जागा आहे. कुठलंही पाककृतींचं पुस्तक तिथे उघडून तीनच गोष्टी तपासाव्यात: वाटीचं माप दिलंय का, नारळ ओला की सुका ते लिहिलंय का, आणि कडधान्याच्या पाककृतीत आंबट कधी घालायचं ते सांगितलंय का. तिन्हींना 'हो' असं उत्तर देणारं पुस्तक क्वचित मिळतं. दोन असली तरी घ्यावं.

राहिली वही. घरातली जुनी, हळदीच्या बोटांची, पानं सुटलेली वही हे गोव्यातल्या शिवराक जेवणाचं सगळ्यात नेमकं साधन आहे, आणि तेच सगळ्यात लवकर नष्ट होतं आहे. तिच्यातलं ज्ञान पूर्ण असतं, आकडे मात्र नसतात, कारण लिहिणारीला ते लागत नव्हते. तेलकट हात आणि दमट हवा यांनी शाई फिकी होते, म्हणून आधी प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवावा. मग जिच्या हातचं चांगलं होतं तिच्या शेजारी वजनकाटा घेऊन उभं राहावं. तिला मोजायला लावू नये, त्याने हात अडखळतो आणि अंदाजही चुकतो. मिठाची बरणी, गुळाची ढेप, सोयीचं ताट, प्रत्येकाचं वजन आधी करून ठेवावं, तिला नेहमीसारखं करू द्यावं, आणि पदार्थ उतरल्यावर पुन्हा वजन करावं. जेवढं कमी झालं तेवढं तिचं प्रमाण. वेळही घड्याळावर लिहावी, आणि आच मोठी की मंद तेही. अशा वहीतली खतखत्याची नोंद एका ओळीची असते, पण छापील पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगते: 'तूरडाळ ८०, सोय १६०, सोलं ५ शेवटी, तिरफळं ९ बी काढून, गूळ २८, भोपळा उतरवण्याआधी ६ मिनिटं.'